नोटिशीचा पंधरावा दिवस

मिस्त्रींनी चेक दिला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. म्हणजे मी बोलत होते. हे आधी सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते मी कधी बोलत होते आणि कधी नव्हते, यावरच झालं.

सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन, हा माझा तेव्हा अकरा वर्षांचा नेम होता. नुसतं तोंड बंद ठेवायचं असं नाही. खूण करायची नाही, कागदावर लिहून दाखवायचं नाही, मानसुद्धा हलवायची नाही. एके काळी माझी जीभ फार तिखट होती. तिला आवर घालावा म्हणून देवापुढे दिवा लावून मी हा नेम घेतला आणि एक दिवसही मोडला नाही. तापातही नाही. वन्सं, म्हणजे माझी नणंद, आल्यागेल्याला सांगायच्या, "पूर्वी वहिनी बोलली की समोरचा माणूस दोन दिवस जेवत नसे. आता निदान सकाळचं तरी जेवतो."

आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच कारखाना. तीन शिलाई मशिनं, कापड बेतायचं एक लांब टेबल, भिंतीला लागून फोमचे तक्ते. खुर्च्यांच्या गाद्या, सोफ्यांची कव्हरं, पडदे, असली कामं. दोन बाया शिवायला येतात. हे गेल्यापासून कापणं-बेतणं माझ्याकडे, आणि हिशेब, बँक, फोन हे सगळं वन्संकडे. वन्संनी लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "हिशेबात बसला नाही कुणी." सकाळी गिऱ्हाइकांशी त्याच बोलत, त्यामुळे माझ्या नेमाने धंद्याचं कधी काही अडलं नव्हतं.

मिस्त्री म्हणजे मागच्या गल्लीतले खुर्च्या करणारे सुतार. त्यांचं लाकूड आणि आमची गादी असं सहा वर्षं चाललं होतं. माणूस कमी बोलणारा, मला 'ताई' म्हणायचा. कर्ज काढून त्यांनी एक मोठी पट्ट्याची करवत घेतली होती. ती सुरू झाली की आमच्या खिडकीच्या काचा बारीक थरथरायच्या. मला तो आवाज आवडायचा. वन्संना नाही.

त्या वर्षी त्यांना एका सभागृहाचं मोठं काम मिळालं. दोनशे चाळीस खुर्च्या. आम्ही दोनशे चाळीस गाद्या शिवून दिल्या आणि मिस्त्री चेक घेऊन आले.

"ताई, दहा तारीख घातलीय," ते म्हणाले. "पण टाकायच्या आधी एक फोन करा. सभागृहाचे पैसे आले असले तर हो म्हणेन. नसले तर चार दिवस थांबायचं."

"नेहमीचंच आहे की," मी म्हटलं.

नेहमीचंच होतं. सहा वर्षं आमचं असंच चालायचं. आधी फोन, मग चेक. पण सहा वर्षं तो फोन दर वेळी मीच केला होता, दुपारी. त्यामुळे वन्संना या ठरावाची कल्पनाच नव्हती. मी चेक खणात ठेवला आणि त्यांना सांगायचं राहून गेलं.

दहा तारखेला सकाळी साडेदहाला वन्सं बँकेत निघाल्या. त्यांनी खण उघडला.

"वहिनी, मिस्त्रींचा आजच्या तारखेचा आहे गं. टाकून येते. आणि कापडवाल्याला काल आपला चेक दिलाय, तो यातूनच जाईल."

मी टेबलापाशी कात्री चालवत होते. कात्री थांबली. चेकवर नुसता हात ठेवला असता तरी वन्संना कळलं असतं. पण हात ठेवणं म्हणजे खूणच. मी मनात म्हटलं, दीड तासाचा तर प्रश्न आहे, बारा वाजले की फोन करते, ते सांभाळून घेतील. वन्सं चपला घालून गेल्या. मी पुन्हा कापायला लागले, आणि तो पडदा बोटभर तिरका कापला गेला.

बारा वाजता फोन केला, उचलला नाही. दोनला केला, नाही. चारला मिस्त्रींचा आवाज आला, मागे खिळे ठोकल्याचे आवाज येत होते.

"टाकलात? अरेरे." मग जरा थांबून, "बघतो ताई. कुठून तरी भरतो."

त्यांना भरता आले नाहीत. तिसऱ्या दिवशी चेक परत आला. सोबत बँकेची पट्टी: खात्यात पुरेशी शिल्लक नाही. त्याच दिवशी आमचा कापडवाल्याला दिलेला चेकही परत गेला, त्याच शब्दांनिशी. दोन्हींचा दंड आमच्या खात्यातून कापला गेला.

कापडवाल्याचा फोन मीच घेतला.

"बाई, मला आधी वाटलं बँकेचंच काहीतरी चुकलं," तो म्हणाला. "तुमचा चेक परत येईल असं स्वप्नातसुद्धा आलं नसतं." मग अगदी गोड आवाजात, "पुढच्या वेळेपासून रोखीनेच करू या का?"

कान तापले माझे. शब्दाची पक्की म्हणून मला लोक ओळखत. आता एक माणूस मला रोख मागत होता, तेही हसून. त्या दिवशी राग कुणाचा यायला हवा होता ते मला ठाऊक होतं. पण तो आला मिस्त्रींचा. मिस्त्री समोर नव्हते, त्यामुळे तो येणं सोपं गेलं.

दोनच दिवसांत आम्ही दोघी वकीलबाईंकडे गेलो. तळमजल्यावरची लहानशी खोली, फायलींचे ढीग, आणि पंख्याने उडू नयेत म्हणून प्रत्येक ढिगावर एकेक दगड. बाईंनी चेक आणि पट्टी उलटसुलट पाहिली.

"सरळ आहे," त्या म्हणाल्या. "आधी नोटीस. ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत त्याने पैसे द्यायचे. नाही दिले, तर पुढच्या महिन्याभरात आपण तक्रार दाखल करायची. तारखा मात्र सांभाळायच्या. एक दिवस इकडचा तिकडे झाला तर मला हात चोळत बसावं लागेल."

"आणि मधेच येऊन म्हणाला, थोडं थांबा, तर?" वन्संनी विचारलं.

"तर थांबा की. पैसे हवेत ना तुम्हाला? मुदत लेखी घ्या आणि मला कळवा. पंधरा दिवस संपले की दुसऱ्याच दिवशी कोर्टात धावलं पाहिजे असं काही नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चेक टाकण्याबद्दल काही तोंडी ठरलं होतं का? आधी विचारून मगच टाका, असं काही?"

"नाही," मी म्हटलं. "तसं काही नाही."

दुपारचे तीन वाजले होते. मी बोलत होते, आणि खोटं बोलले. सकाळभर गप्प राहून जे जपत होते ते दुपारी एका शब्दात घालवलं, आणि खुर्चीवरून उठताना पदर नीट केला.

नोटीस गेली. ती मिळाल्याची पोच आली. त्या दिवसापासून मी दिवस मोजायला लागले. मिस्त्रींचा फोन नाही, माणूस नाही. करवतीचा आवाज मात्र रोज यायचा.

"करवत चालवायला पैसे आहेत," वन्सं म्हणाल्या.

"वीज उधारीवर असेल," मी म्हटलं, आणि माझं मलाच वाईट वाटलं. अकरा वर्षांपूर्वीची जीभ होती ती.

पंधराव्या दिवशी सकाळी साडेनऊला मिस्त्री आले. वन्सं दात दाखवायला गेल्या होत्या. बाया दहाला येतात. घरात मी एकटी, टेबलाशी उभी. मिस्त्री दारातच थांबले. भुवयांवर लाकडाचा भुसा, शर्ट मात्र इस्त्रीचा. हातात आमची नोटीस.

"ताई, तुमचं मौन आहे, माहीत आहे मला," ते म्हणाले. "बारानंतर आलो असतो. पण बँकेने अकराला बोलावलंय."

मी बसायला खुर्चीही पुढे केली नाही. ती खूणच झाली असती. ते उभ्या उभ्याच बोलले, आणि माझ्यापुढे एवढं ते कधीच बोलले नव्हते.

"चेक परत गेल्यापासून बँक माझी लाकडासाठीची उचल बंद करायच्या मागे आहे. मॅनेजर म्हणतो, ज्यांचा चेक आहे ते थांबायला तयार असतील तर मी थांबतो, नाहीतर आजच बंद. उचल बंद झाली की लाकूड नाही. लाकूड नाही तर बाकीच्या खुर्च्या नाहीत, आणि त्या पोचल्याशिवाय सभागृह दमडी सोडत नाही. आठ दिवस द्या, ताई. आठ नाही, दहा धरा. लिहून देतो." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. तो आधीच लिहून आणलेला होता, खाली सही. "तुम्ही नुसती मान हलवलीत तरी मी तिथे छातीठोक सांगेन."

मी त्यांच्याकडे पाहत होते. हे आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून लिहिते: त्या वेळी माझ्या मनात देव नव्हता. कापडवाल्याचा तो गोड आवाज होता. आणि मनात असंही आलं, बरं झालं, आत्ता मला उत्तर द्यावंच लागत नाही. अकरा वर्षांचं मौन आयतं अंगावर होतं. मी ते पांघरून उभी राहिले.

मिस्त्री वाट बघत राहिले. वाट बघताना त्यांच्या हाताला चैन नसतं. त्यांनी टेबलावर तळवा ठेवला, टेबल जरासं डुगडुगलं. कित्येक महिने ते तसंच हलायचं, मी फोमचा तुकडा घालून भागवत होते. ते खाली वाकले, खिशातून लाकडाची एक ढलपी काढली, नखाने कड चेपून पायाखाली सरकवली आणि हाताच्या तळव्याने ठोकून बसवली. टेबल हलवून पाहिलं. हललं नाही.

मग उठून त्यांनी हात झटकले आणि पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं.

"बरं, ताई," ते म्हणाले. "मी बँकेत आहे."

कागद त्यांनी परत खिशात घातला आणि ते गेले.

बारा वाजले. मौन सुटलं. रोज मौन सुटलं की पहिला शब्द देवाचं नाव, तो मी उच्चारला. मोबाईल टेबलावरच होता, हात लांब करायचाही त्रास नव्हता. मी म्हटलं, गाद्यांचं माप आधी संपवते. एक वाजला. बाया जेवायला बसल्या. दोन वाजले. वन्सं गाल धरून आल्या आणि अर्ध्या तोंडाने म्हणाल्या, "कुणी आलं होतं का?"

"मिस्त्री आले होते," मी म्हटलं. "पैसे नाही आणले."

खोटं नव्हतं ते. पण खरं तरी कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी वकीलबाईंना फोन करून सांगितलं, पुढचं करा.

त्यानंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांत कळत गेलं. बँकेने त्याच दिवशी उचल बंद केली. लाकूडवाल्याच्या कानावर गेलं, त्याने रोख मागितली. मिस्त्रींनी बायकोच्या भावाकडून पैसे घेऊन राहिलेल्या खुर्च्या कशाबशा पोचवल्या. सभागृहाचे पैसे आले, नोटिशीचे पंधरा दिवस संपल्यावर बाराव्या दिवशी. ते खात्यात पडले आणि तिथेच बँकेने कर्जापोटी वळते करून घेतले. मिस्त्रींच्या हाताला काही लागलं नाही.

मग एक दिवस करवतीचा आवाज थांबला. मला आधी वाटलं, वीज गेली असेल.

कोर्टाची तारीख चार महिन्यांनी लागली. वेळ सकाळी अकरा. मी वकीलबाईंना विचारलं, दुपारची नाही का मिळणार? त्या हसल्या. "बाई, कोर्ट काही तुमच्या दारचं गिऱ्हाईक नाही, नंतर या म्हणायला."

तिथे लांब लाकडी बाकं होती, सगळी डुगडुगणारी. मिस्त्री पलीकडच्या भिंतीशी उभे होते. तोच इस्त्रीचा शर्ट. त्यांच्या वकिलाने पुढे येऊन सांगितलं, आमची पूर्ण रक्कम भरायची तयारी आहे, दंड आणि खर्चासकट, आणि बँकेचा ड्राफ्ट समोर ठेवला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तडजोड मान्य आहे? तोंडाने सांगा."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"मान्य आहे," मी म्हटलं.

माझा आवाज मला फार मोठा वाटला. मिस्त्री माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे. लाकूड आतून कुठे चिरलंय ते पाहतात, तसे. मग त्यांनी मान वळवली, एका कागदावर सही केली आणि ते निघून गेले.

पायऱ्या उतरताना वन्सं म्हणाल्या, "अगंबाई, वहिनी, तुझं मौन!"

"मोडलं."

"कोर्टापुढे काय करणार? देव काही म्हणायचा नाही."

"कोर्टासाठी मोडता येत होतं, वन्सं," मी म्हटलं. "मग त्यांच्यासाठी का नाही आलं?"

आणि तिथेच, लोक वर-खाली करत असताना, मी त्यांना सगळं सांगितलं. टाकण्याआधी करायचा फोन. थांबलेली कात्री. वकीलबाईंना दिलेलं उत्तर. पंधरावा दिवस, तो सही केलेला कागद, टेबलाचा पाय. इतक्या वर्षांत वन्संना मी पहिल्यांदा गप्प पाहिलं.  घरी दाराचं कुलूप काढताना फक्त एवढं म्हणाल्या, "मी चेक घेऊन चालले होते गं त्या दिवशी. एक चिमटा काढला असतास तरी चपला काढून बसले असते."

चार दिवसांनी, दुपारी, मी मागच्या गल्लीत गेले. दंडाची आणि खर्चाची जी जादा रक्कम आली होती ती पाकिटात घेतली होती.

मिस्त्रींच्या कारखान्याचं दार अर्धं उघडं होतं. आत मधोमध जमिनीत चार भोकं होती, करवत जिथे बोल्टांनी घट्ट बसवलेली होती तिथे. भोकांत भुसा साचला होता. मिस्त्री हत्यारं पुसून पोत्यात भरत होते.

"या, ताई." त्यांनी एक खुर्ची पुसून पुढे केली. सभागृहाच्याच नमुन्याची, आमची गादी लावलेली. "चहा सांगू?"

"नको." मी पाकीट पुढे केलं. "हे तुमचे आहेत. एवढे माझे नव्हते."

"कोर्टाने दिलेत ते. तुमचेच." त्यांनी हात पुढे केला नाही. "ठेवा, ताई. परत घेतले तर त्यांचं काय करायचं ते मला कळायचं नाही. विकलेली करवत तर त्यात परत यायची नाही."

"कुठे निघालात?"

"दुसऱ्याच्या कारखान्यात लागलोय, सोमवारपासून. आठ ते पाच. बरंय तसं. चेक सही करायला नको, टाकायलाही नको." ते हसले. मला हसता आलं नाही.

मी खुर्चीच्या कडेला बसले. शेवटी म्हटलं, "मिस्त्री, त्या दिवशी मी मान हलवू शकले असते."

ते पोत्याचं तोंड बांधत होते. गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "माहीत आहे."

"तुम्हाला वाटलं असेल, नेम आहे म्हणून..."

"नेमाचं मला काही वाटलं नाही, ताई. सहा वर्षं बघतोय मी. बाराच्या आत तुम्ही बोलणार नाही, हे धरूनच चाललो होतो." त्यांनी हाताने पोतं थोपटलं. "मॅनेजरला म्हटलं, बारानंतर त्यांचा फोन येईल, तोवर थांबा. तो बिचारा थांबला. जेवून आला, मला विचारलं, आला का? मी म्हटलं, येईल. दोनपर्यंत बसलो होतो तिथल्या बाकावर."

हातातलं पाकीट मी मांडीवर ठेवलं. 

"मला माफ करा," मी म्हटलं.

"असं कसं म्हणता, ताई. पैसे तर तुमचेच होते ना." ते मनापासून म्हणत होते, आणि मला तेच सोसेना. मग दारापर्यंत येत त्यांनी विचारलं, "टेबल हलतं का अजून?"

"नाही."

"मग ती ढलपी काढू नका. सागाची आहे, टिकेल."

पाकीट मी घरी आणलं. वन्संनी ते कुठल्याही खात्यात लिहिलं नाही. खणात तसंच पडून आहे.

नेम मी सोडला नाही. सोडून मोकळं व्हायचं, एवढी सोय मला नको होती. आता दारात कुणी आलं तर मी बोलते, मग सकाळचे सात वाजलेले असोत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला दिवस म्हणून मोजते. माझे सलग दिवस आता कधी नऊ होतात, कधी तीन.

खिडकीच्या काचा थरथरत नाहीत. बारा वाजतात, मी देवाचं नाव घेते, आणि माझा हात मोबाईलकडे जातो. रोज. टेबलावर तो तिथेच असतो.